ऊर्फचा रकाना

पोलिसांत एकतीस वर्षे काढली आणि एकाही चोराला हात लावला नाही. आमच्याच घरी चोरी झाली तेव्हा शेजाऱ्यांनी मोठ्या आशेने विचारले, की आता तुम्ही काय करणार? मी म्हटले, ठाण्यात जाऊन तक्रार देणार, आणखी काय. त्यांचा फार हिरमोड झाला. पोलिस म्हटला की लोकांना शिट्टी, काठी आणि मिशा लागतात. माझ्याजवळ त्यांतल्या फक्त मिशा होत्या. मी जबलपूरच्या जिल्हा पोलिस कार्यालयात पडताळणीच्या टेबलावर लिपिक होतो. इंग्रजी बरे होते म्हणून अनुवाद आणि टायपिंगही माझ्याच गळ्यात पडले होते.

पडताळणी म्हणजे काय ते आधी सांगतो. आमच्या शहराच्या आजूबाजूला संरक्षण खात्याचे कारखाने. सकाळच्या भोंग्याआधी रांझीच्या रस्त्यावर इतक्या सायकली असत, की बस मुंगीच्या पावलाने चाले. त्या कारखान्यांत जो कोणी नोकरीला लागेल त्याची चालचलणूक आम्ही तपासायची. कुणी पासपोर्ट मागितला, तपासा. कुणी परदेशात नोकरीला गेला आणि तिथल्या पोलिसांनी विचारले, तपासा. शिपाई किंवा हवालदार त्या माणसाच्या गल्लीत जाई, दोन शेजाऱ्यांना विचारी आणि हिंदीत अहवाल लिही. मी त्याचे इंग्रजी करून भोपाळला पाठवी, भोपाळ दिल्लीला पाठवी आणि दिल्ली समुद्रापार. एवढ्या लांबच्या प्रवासात माणूस मूळचा कसा होता हे कुणाला आठवणार? कागद काय म्हणतो तेवढेच खरे.

आणि कागद काय म्हणेल याचा नेम नसे. पाटनच्या एका उमेदवाराबद्दल ‘स्वभाव झगडालू’ असा शेरा आला. चौकशी केली तर हवालदाराने विचारले होते नेमके त्याच्या बांधाशेजारच्या शेतकऱ्याला. त्यांची दोन पिढ्यांची भांडणे. मी अहवाल परत पाठवून तिसऱ्याच माणसाला विचारायला लावले. पोरगा नोकरीला लागला, पुढे फोरमन झाला. त्याला ही गोष्ट ठाऊक नाही.

माझ्या हुशारीचा मुकुटमणी म्हणजे ‘वल्द’ प्रकरण. आमच्याकडच्या सरकारी कागदांत नाव लिहिताना ‘रामदीन वल्द शिवदीन’ असे लिहीत. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. माझ्या आधीच्या बाबूंनी इंग्रजीत तो शब्द तसाच ठेवला होता. परिणाम असा झाला, की एका दूरच्या बंदरावरच्या पोलिसांनी दिल्लीमार्फत विचारणा केली : जबलपूरच्या ‘वल्द’ घराण्याबद्दल सविस्तर माहिती द्यावी, त्या आडनावाचे पुष्कळ लोक आमच्याकडे येत आहेत आणि ते एकमेकांना ओळखत नसल्याचे सांगतात. मी तीन ओळींत खुलासा करून ती टोळी बरखास्त केली. साहेबांनी पाठ थोपटली. तेव्हापासून परदेशी कागद आला की ‘सोनटक्केंकडे द्या’ असेच होई. माझ्या डोक्यात थोडी हवा गेली. आता जे सांगायचे आहे त्याला ही हवा काही अंशी जबाबदार आहे.

बांगलादेशच्या युद्धाच्या वर्षी, दसरा झाल्यावर, पूर्व आफ्रिकेतल्या एका नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातून कागद आला. तिथल्या सरकारी रुग्णालयात जबलपूरची एक नर्स रुजू झाली होती. पासपोर्टवर नाव वैजयंती मधुकर बोंद्रे, आणि नर्सिंगच्या प्रमाणपत्रावर सिंधू नारायण देवघरे. ही एकच बाई आहे काय, असा साधा, सरळ प्रश्न होता.

चौकशीला हवालदार तिवारी गेला. तिवारी प्रामाणिक माणूस, चौकशीला गेला की चहासुद्धा स्वतःच्या पैशाने पिणारा. त्याने रांझीतल्या क्वार्टर्समध्ये दोन-चार घरी विचारले आणि लिहिले : ‘सिंधू उर्फ वैजयंती, पति मधुकर, फैक्ट्री में टर्नर, चाल-चलन ठीक।’ मी कागद मशीनला लावला. छापील फॉर्मात एक रकाना होता, ‘अलायस’. म्हणजेच ऊर्फ. टेबलावर पडताळणीचा ढीग होता, कारखान्यांत तीन पाळ्या सुरू झाल्या होत्या, नवी भरती चालली होती. मी त्या रकान्यात ‘वैजयंती’ टाइप केले आणि पुढचा कागद घेतला. नवरा कारखान्यात असल्याने नियमाप्रमाणे एक प्रत कारखान्याच्या सुरक्षा कार्यालयालाही पाठवली. चालचलणूक चांगली असे लिहिले होतेच. काम झाले असे मला वाटले.

पोलिसांच्या जगात ऊर्फ लावून घेणारी माणसे कोण असतात ते सांगायला नको. कल्लू ऊर्फ कालिया. आमच्या दफ्तरात तरी दुसरी नव्हतीच.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, ब्लॅकआउटसाठी खिडक्यांच्या काचांवर आम्ही काळे कागद चिकटवत असताना, एक तिशीतला माणूस माझ्यापुढे येऊन उभा राहिला. कपडे कारखान्याचे, हात धुतलेले पण नखांत काळे. तो मधुकर बोंद्रे. त्याच्या बायकोचा पासपोर्ट तिकडच्या पोलिसांनी काढून घेतला होता. अकरा दिवस रोज ठाण्यात बोलावून विचारपूस केली होती आणि आता नर्सेसच्या क्वार्टरमधून बाहेर जायचे नाही असा हुकूम होता. इकडे युद्ध लागले होते. जिच्या नावावर ऊर्फ आहे आणि जिला परदेशी पोलिसांनी अडकवून ठेवले आहे, तिच्या नवऱ्याला तोफगोळे बनवणाऱ्या शॉपमध्ये कसे जाऊ द्यायचे? कारखान्याने त्याचा आत जाण्याचा पास काढून घेतला होता. तो तीन दिवसांपासून गेटजवळच्या शेडमध्ये नुसता बसून होता. चार वर्षांची मुलगी आजीजवळ होती. आजीचा सुनेच्या जाण्याला आधीपासून विरोध होता, तेव्हा घरी काय चालले असेल ते त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही.

त्याने आवाज चढवला नाही. म्हणाला, “साहेब, तिचं नाव लग्नात बदललं. आपल्यात बदलतेच न. तुम्ही तर आपले मराठी माणूस. हे ऊर्फ काहून लिहिलं असंल?”

मी म्हटले, बघतो. दुसरे काय म्हणणार? ते ऊर्फ मी टाइप केले हे मी त्याला सांगितले नाही. त्याने ‘तुम्ही लिहिलं’ असे म्हटलेही नव्हते.

घरी जेवताना बायकोला सांगितले. माझी बायको शालिनी. माहेरची कुमुद. तिने ताटात भाजी वाढली आणि शांतपणे म्हणाली, “मग मी पण ऊर्फच न? माझ्यावर काहून नाही दिलं लिहून?”

ज्याने वल्दची टोळी पकडली त्याच्या स्वतःच्या घरात ऊर्फ होते आणि त्याला दिसले नव्हते. तिवारीला दोष देता येत नाही. त्याला मी दुसऱ्या दिवशी विचारले, तर म्हणाला, “बाबूजी, दो नाम थे, दो लिख दिए। हमारे गाँव में तो औरत का नाम कोई पूछता ही नहीं।” त्याला ही रीतच ठाऊक नव्हती. मला होती. मी स्वतः अंगठीने ताटातल्या तांदळांत ‘शालिनी’ लिहिले होते, आणि ‘श’ वाकडा आला म्हणून मेहुण्या हसल्या होत्या.

दुरुस्ती पाठवावी म्हणून मी साहेबांकडे गेलो. साहेब म्हणजे आमचे उपअधीक्षक, वाईट मनुष्य नव्हे. पण पोलिस खात्यात चूक होत नाही, हे खात्याचे पहिले तत्त्व. फार तर ‘अधिक माहिती प्राप्त होते’. लढाई चालू असताना, आपण दिल्लीला चुकीचा कागद पाठवला असे लिहायचे? त्यांनी पूरक अहवालाचा मार्ग सुचवला. नव्याने चौकशी, नवे साक्षीदार आणि नाव बदलल्याचा पुरावा.

पुरावा आणायचा कुठून? लग्नपत्रिकेवर माहेरचे नाव. लग्नानंतरच्या कागदांवर सासरचे. दोन्हींच्या मधली कडी म्हणजे ते तांदळाचे ताट. कायद्याच्या भाषेत बोलायचे तर एकुलता एक दस्तऐवज संध्याकाळी डब्यात परत ओतला जातो आणि आठवड्याभरात कुटुंब तो खाऊन टाकते. तिवारीने लग्न लावणाऱ्या गुरुजींचा आणि तीन पाहुण्यांचा जबाब आणला. मी अहवालात एक परिच्छेद घातला : महाराष्ट्रीय कुटुंबांत विवाहाच्या वेळी वधूचे पहिले नावही बदलण्याची रीत आहे, वर ते तांदळांत लिहितो, यात लपवाछपवी नसून उलट ते सर्वांसमक्ष जाहीर केले जाते. लिहून झाल्यावर मला बरे वाटले. साहेबांनी लाल पेन्सिलीने तो परिच्छेद खोडला. “सोनटक्के, पुलिस के काग़ज़ में चावल का क्या काम?” उरले ते एवढेच, की चौकशीअंती दोन्ही नावे एकाच स्त्रीची असल्याचे दिसून येते. म्हणजे पुन्हा ऊर्फच, फक्त सभ्य भाषेत.

त्याच दिवसांत आमच्या कार्यालयात एक परदेशी पाहुणे होते. इन्स्पेक्टर ओकेलो. नव्या स्वतंत्र देशांच्या पोलिस अधिकाऱ्यांनी भारतात येऊन प्रशिक्षण घ्यायचे, मग एखाद्या जिल्ह्यात काही दिवस काम पाहायचे, अशी योजना होती. ते ज्या देशात नर्स अडकली होती त्याच्या शेजारच्या देशाचे. बिचारे जबलपूरला पोचले आणि लढाई लागली. कारखान्यांचे शहर, त्यामुळे पाहुण्यांना काहीही दाखवायचे नाही असा वरून हुकूम आला. परत पाठवणेही सभ्य दिसेना. म्हणून त्यांना माझ्या टेबलासमोर बसवले. जुनी दफ्तरे कशी लावतात ते त्यांनी पाहावे, असे ठरले. ते बारा दिवस त्यांनी दफ्तरे पाहिली, आणि मी त्यांना शालिनीच्या हातच्या पोळ्या खाऊ घातल्या.

उंच, हळू बोलणारा माणूस. प्रश्न नेमके विचारी. ऊर्फचा रकाना कुणी ठरवला, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, इंग्रजांच्या वेळचा फॉर्म आहे. ते म्हणाले, आमच्याकडेही तोच आहे, छपाईची चूकसुद्धा तीच आहे. मग मी त्यांना सिंधूची हकीकत सांगितली, तांदळासकट. त्यांच्या बायकोला चार नावे होती म्हणाले : जन्माच्या वेळेवरून पडलेले एक, चर्चमधले एक, नवऱ्याचे एक, आणि मूल झाल्यावर सासूने हाक मारायला धरलेले एक. आमचा फॉर्म भरायचा झाला तर माझी बायको अट्टल गुन्हेगार ठरेल, असे त्यांनी अगदी गंभीरपणे सांगितले.

खोडलेल्या परिच्छेदाची कार्बन प्रत माझ्याकडे होती. त्यांनी ती मागितली. नर्स अडकली होती तिथला पोलिस अधिकारी त्यांच्याबरोबर शिकलेला होता आणि दोघांची पत्रापत्री होती. त्यासाठी दिल्लीला वळसा घालावा लागत नव्हता. सरकारी कागद असा खाजगीत द्यायचा नसतो. मी दिला. एकतीस वर्षांत केलेली ही एकमेव बेकायदेशीर गोष्ट, आणि तिचा मला अभिमान आहे.

आमचा पूरक अहवाल भोपाळच्या वाटेवर असतानाच तिकडे पासपोर्ट परत मिळाला. पण तोवर रुग्णालयाने तिची जागा भरली होती. सिंधू बोटीने परत आली. वैजयंती म्हणायला हवे खरे, पण त्या कागदानंतर माझ्या मनात ती सिंधूच राहिली.

होळीनंतर ती कार्यालयात आली. सडपातळ, सुती पातळ, हातात जाड पिशवी. माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसली आणि एक पत्र पुढे केले. तिकडच्या पोलिसांनी लिहून दिले होते : आमच्याकडून गैरसमज झाला, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल खेद आहे. खाली सही आणि शिक्का. नवरा अजून गेटजवळच बसत होता. कारखाना म्हणे, परदेशी पोलिसांचा कागद आम्हाला चालत नाही, इथल्या पोलिसांनी लिहून द्यावे.

ती म्हणाली, “त्यांनी चूक मानली. त्यांची तर चूकही नव्हती. तुम्ही पण लिहून द्या न.”

मी सांगितले, की मला अधिकार नाही. पूरक अहवाल वर गेला आहे, उत्तर आले की आपोआप होईल.

“अच्छा,” ती म्हणाली. “मग तोंडी म्हणा.”

“काय?”

“चूक झाली म्हणून. कागद नाही दिला तरी चालंल. नुसतं म्हणा.”

साहेबांच्या खोलीचे दार उघडे होते. तिवारी पलीकडे रजिस्टर लिहीत बसला होता. मी म्हटले, “बाई, चौकशी सुरू आहे.”

तिने पत्राची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि “चलो, ठीक आहे” म्हणून उठून गेली. मी तिला चहासुद्धा विचारला नाही.

मधुकरचा पास पावसाळा संपता संपता परत मिळाला, कारण न देता, जसा गेला होता तसाच. तोवर लढाई कधीच संपली होती. ज्यांनी तिन्ही पाळ्या केल्या त्यांना शाबासकीची पत्रे मिळाली, बढत्या मिळाल्या. हा चांगला टर्नर होता असे मला नंतर कळले. शॉपमधल्या लोकांनी त्याला ‘शेडवाला’ असे नाव पाडले होते. हेही एक ऊर्फच, पण ते कुठल्या रकान्यात गेले नाही.

काही वर्षांनी सरकारला पोलिस सुधारणेची आठवण झाली. एक समिती दौऱ्यावर आली. हत्यारे, गाड्या, पगार असे पुष्कळ बोलणे झाले. मलाही विचारले, तर मी म्हटले, फॉर्मात ‘लग्नापूर्वीचे नाव’ असा एक वेगळा रकाना घाला. सभासद हसले, पण त्यांनी लिहून घेतले. मी निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी नवा फॉर्म आला, त्यात तो रकाना होता. आमचे हवालदार त्यात न चुकता ‘लागू नहीं’ असे लिहू लागले. ओकेलोंच्या देशात तो रकाना ते परतल्यावर वर्षभरातच छापला गेला होता. त्यांनी मला एका पोस्टकार्डावर तसे कळवले होते आणि खाली बायकोची चारही नावे लिहून नमस्कार सांगितला होता.

त्यानंतरची गोष्ट. शालिनीचे पित्ताशयाचे ऑपरेशन राइट टाऊनमधल्या एका रुग्णालयात झाले. वॉर्डच्या मुख्य सिस्टर पाहिल्या आणि माझी पाचावर धारण बसली. केस पांढरे झाले होते, चष्मा लागला होता, पण तीच. तिने मला ओळखले की नाही ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हते. शालिनीचे तिने सगळे नीट केले. टाके बघताना तिच्याशी माहेरासासरच्या गप्पा मारल्या. तीन दिवस मी ‘आज बोलू’ म्हणत कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घातल्या. चोराला हात लावायला धीर लागत असेल, मला कल्पना नाही. याला मात्र लागतो.

घरी सोडायच्या दिवशी ती टेबलाशी कागद भरत होती. मी पुढे जाऊन उभा राहिलो आणि म्हटले, “सिस्टर, त्या वेळचा तो कागद मी टाइप केला होता.”

तिने मान वर केली नाही. म्हणाली, “माहीत आहे.”

“कसं काय?”

“कागदाच्या खाली, डाव्या कोपऱ्यात टाइप करणाऱ्याची अक्षरं असतात न. डी. व्ही. एस. अकरा दिवस तोच कागद समोर ठेवून विचारून राहिले होते मला. दुसरं वाचायला काही नव्हतंच. आणि तुमच्या टेबलावर नावाची पाटी होती.”

दत्तात्रय विनायक सोनटक्के. ती अक्षरे मी आयुष्यभर हजारो कागदांच्या तळाशी ठोकली, इतक्या सवयीने, की ती कुणी वाचत असेल हे कधी मनात आले नाही. म्हणजे होळीनंतरच्या त्या दिवशी ती खुर्चीवर बसली तेव्हाच पाटी वाचून तिने मला ओळखले होते. तोंडी म्हणा, असे ती पोलिस खात्याला म्हणत नव्हती. मलाच म्हणत होती.

“चूक माझी होती,” मी म्हटले.

“हो,” ती म्हणाली. मग कागद माझ्याकडे सरकवला आणि शालिनीच्या औषधांच्या वेळा समजावून सांगू लागली : ही सकाळी जेवणाआधी, ही दोनदा, ही दुखलं तरच. मी त्या एकेक लिहून घेतल्या आणि तिला पुन्हा वाचून दाखवल्या.